गोणपाट, निसीदन आणि बाकावरची उशी



फ्रीमाँटमध्ये साधारण मे ते ऑक्टोबर पाऊस जवळजवळ नसतोच. त्यामुळे या महिन्यांत आपल्यापैकी बऱ्याच जणांची खरी बैठकीची खोली म्हणजे घरामागची बाग. रविवारची वंदना आत होते, पण त्यानंतरचा चहा, मुलांचा दंगा आणि ग्रीन कार्डाच्या गप्पा बाहेरच रंगतात. आमच्या बागेत एक लाकडी बाक आहे, साडेचार फूट लांब, उन्हाने करडा पडलेला. या उन्हाळ्यात त्याच्यासाठी आम्ही घरीच उश्या शिवल्या, जुन्या साड्यांच्या, चांगल्या रंगीबेरंगी. बाकाची रयाच बदलली. पण पुढच्याच रविवारी चहाच्या वेळी त्या उश्यांवरून जो वाद झाला, त्याचा विचार मी अजून करते आहे.

दर पौर्णिमेला अष्टशील पाळणारे आमच्यातले एक ज्येष्ठ काका म्हणाले, "ताई, उपोसथाला आपण उंच आणि ऐषारामी आसनापासून दूर राहायचं शील घेतो. मग उरलेले दिवस त्याच आसनाला नटवायचं? ही तृष्णाच नाही का?" त्यावर नुकताच नोकरीला लागलेला एक तरुण मुलगा म्हणाला, "काका, आपल्या आज्या-पणज्यांना कुणी ओट्यावर बसू दिलं नाही. आता आपण मखमलीवर बसलो तर कुणाचं काय बिघडतं?" दोघांनाही दाद मिळाली, समोसे आले आणि विषय तिथेच राहिला.

मला तो तिथे सोडवेना. काकांना उशी मऊ असल्याची काळजी होती आणि मुलाला ती मऊ असल्याचा अभिमान. म्हणजे दोघंही मऊपणावरच बोलत होते. बसण्याचा नैतिक प्रश्न खरंच मऊ-कठीण असा असतो का, हे बघावं म्हणून मी विनयपिटकाचा अनुवाद काढून बसले, आणि अपेक्षेपेक्षा बरंच काही हाती लागलं.

विनय म्हटलं की भिक्षूंचे कडक नियम एवढंच आपल्या डोळ्यांसमोर येतं. प्रत्यक्षात त्यात गाद्या-उश्यांचा इतका बारकाईने विचार केलेला आहे की एखाद्या पिंजाऱ्यानेही कान देऊन ऐकावं. गादीला पाली शब्द 'भिसि'. तिच्यात काय भरावं, याला पाच गोष्टींची परवानगी आहे: लोकर, चिंध्या, झाडाची साल, गवत आणि पानं. उशीलाही परवानगी आहे, मात्र ती डोक्यापुरतीच असावी. अर्ध्या अंगाएवढा लोड चालत नाही. आणि जी ऐषारामी आसनं तथागतांनी भिक्षूंना वर्ज्य ठरवली, त्यांच्या यादीत लांब केसांची लोकरी पांघरुणं आहेत, प्राण्यांची कातडी आहेत, चित्रं विणलेले गालिचे आहेत. त्यातला एक गालिचा एवढा मोठा की त्यावर सोळा नर्तकी नाचू शकतील, असं अर्थकथा सांगते. म्हणजे नियमाचा रोख राजवाड्याच्या दिवाणखान्यावर होता. काकांना मी हे सांगितलं तेव्हा ते हसून म्हणाले, "तुमच्या बागेत सोळा नर्तकी मावणार नाहीत, एवढं मान्य करतो."

मला सगळ्यात आवडला तो पाचित्तियातला चौदावा नियम. संघाच्या मालकीचा पलंग, बाक, गादी किंवा आसन भिक्षूने उघड्यावर मांडलं, आणि जाताना ते ना उचलून ठेवलं, ना कुणाला सांगितलं, तर तो दोष. पुढे एक सवलतही आहे. पावसाळा नसलेल्या आठ महिन्यांत ते मांडवाखाली किंवा झाडाखाली ठेवायला हरकत नाही, पण कावळे-गिधाडं घाण करणार नाहीत अशाच जागी! आपल्याकडे मिशन पीकच्या बाजूला टर्की व्हल्चर घिरट्या घालताना दिसतात आणि कावळे तर कुंपणावरच बसलेले असतात, तेव्हा नियम फ्रीमाँटलाही लागू आहे. फक्त महिने उलटे. भारतात वर्षावास चालू असतो तेव्हा इथलं आभाळ कोरडं, आणि आपला पाऊस नोव्हेंबर ते मार्च.

गंमत सोडा, पण नियमामागचं कारण बघा. गादी संघाची, म्हणजे पुढे येणाऱ्या प्रत्येकाची. म्हणून ती भिजू द्यायची नाही. मी किती सुखात बसलो याची चौकशी तिथे कुणी करत नाही. माझ्यामागून येणाऱ्याला ते आसन कसं मिळेल याची करतात.

चुल्लवग्गातली आनंद आणि राजा उदेन यांची गोष्ट तर थेट उश्यांच्या खोळींचीच आहे. कोसंबीच्या या राजाच्या राण्यांनी आनंदांना ५०० वस्त्रं दान दिली. राजाला शंका आली की हा भिक्षू कापडाचं दुकान काढतो की काय. त्याने जाऊन विचारलं, एवढ्या कापडाचं करणार काय? आनंदांनी सांगितलं की ज्यांची चीवरं विरली आहेत त्यांना वाटू. मग जुन्या चीवरांचं? त्यांच्या चादरी. जुन्या चादरींचं? गादीच्या खोळी. जुन्या खोळी जमिनीवर अंथरायला, ती अंथरुणं फाटली की पायपुसणी, पायपुसण्यांची धूळ झाडायची फडकी, आणि शेवटी ती फडकी कुटून चिखलात कालवून जमीन लिंपायला. राजा इतका खूश झाला की त्याने आणखी ५०० वस्त्रं दिली.

सातारा जिल्ह्यातून सहा महिन्यांसाठी आलेल्या माझ्या आईला मी ही गोष्ट वाचून दाखवली. तिला त्यात काडीचंही नवल वाटलं नाही. "मग आमी काय येगळं करत हुतो?" म्हणाली. लुगडं विरलं की वाकळ, वाकळ फाटली की चूल-जमीन सारवायचं पोतेरं. आनंदांची साखळी जिथे संपते तिथेच तिचीही संपते. आनंदांची विनयात नोंद झाली. आईसारख्या बायकांची कुठे झालेली मी तरी पाहिली नाही.

खोळींचा हिशेबही तिचाच. ज्यांना शिवायच्या आहेत त्यांच्यासाठी तो इथे देऊन ठेवते. साडीचा पन्हा साधारण ४५ इंच. १८ इंची चौकोनी खोळ हवी तर सगळीकडून अर्धा इंच माया धरून पुढचा तुकडा १९ बाय १९ चा, आणि मागे एकमेकांवर चढणारे दोन तुकडे, प्रत्येकी १९ बाय १३ चे. १९ अधिक १३ अधिक १३, बरोबर ४५. म्हणजे साडीची १९ इंच लांबी कापली की एक खोळ होते. चेन नको, बटण नको, वाया काही जात नाही. मागचे तुकडे दुमडून टीप मारल्यावरही पाच इंच एकमेकांवर राहतात, त्यामुळे आतलं बाहेर येत नाही. नऊवारी म्हणजे ३२४ इंच, कागदावर १७ खोळी. विरलेला भाग सोडून आमच्या हाती दहा आल्या. (कडेला सोडलेल्या जास्तीच्या कापडाला आपले शिंपी 'माया' म्हणतात, आणि माया कमी ठेवली की शिवण उसवते. यावर प्रवचन देण्याचा मोह मी आवरते.) भरण्यासाठी फोम आणायचा विचार होता, पण जोअॅनची दुकानं २०२५ मध्ये देशभर बंद झाली. मग मुलांचे लहान झालेले टी-शर्ट आणि जुन्या जीन्स कातरून भरल्या. उश्या जड झाल्या, वाऱ्याने उडत नाहीत. विनयाच्या भाषेत त्या 'चोळभिसि', चिंध्यांच्या गाद्या.

आता मूळ प्रश्नाकडे येते.

'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनात बाबासाहेबांनी आपल्या शाळेतल्या बसण्याबद्दल लिहिलं आहे. (नावातल्या 'व्हिसा'वर आपण इथले लोक नेहमी थबकतो.) वर्गात त्यांना इतर मुलांमध्ये बसता येत नसे. कोपऱ्यात वेगळं बसायचं, तेही स्वतःच्या गोणपाटाच्या तुकड्यावर. शाळा झाडणारा नोकरही त्या गोणपाटाला हात लावायचा नाही. म्हणून रोज संध्याकाळी तो तुकडा घरी न्यायचा आणि दुसऱ्या दिवशी परत आणायचा.

हा प्रसंग आपण भाषणांत इतक्यांदा ऐकलेला असतो की त्यातलं गोणपाट आपल्याला दारिद्र्याची खूण वाटू लागतं. बिचारं मूल, टोचणाऱ्या गोणपाटावर बसलं. पण बाबासाहेबांचे वडील लष्करात सुभेदार होते. मुलाला सतरंजी देणं त्यांना जड नव्हतं. आणि समजा त्या मुलाने मखमलीची गादी नेली असती, तर काय बदललं असतं? कोपरा तोच राहिला असता, नोकराने मखमलीलाही हात लावला नसता. त्या तुकड्यातलं विष त्याच्या खरखरीतपणात नव्हतं. वर्गात एकाच मुलाला स्वतःचं वेगळं आसन होतं, आणि ते त्याने निवडलेलं नव्हतं, हे ते विष.

आता याच्या शेजारी विनयातली आणखी एक वस्तू ठेवून बघा. भिक्षूजवळ बसण्यासाठी एक छोटं कापड असतं, त्याला 'निसीदन' म्हणतात. तो ते स्वतःबरोबर बाळगतो, जिथे जाईल तिथे अंथरतो, उठताना उचलून नेतो. अगदी त्या शाळकरी मुलासारखंच. आणि कारण? आपल्या अंगाचं, चीवराचं आणि संघाच्या आसनाचं रक्षण व्हावं, ते मळू नये. म्हणजे भिक्षू कापड बाळगतो ते दुसऱ्यांचं आसन आपल्यामुळे खराब होऊ नये म्हणून; आणि साताऱ्याच्या शाळेनेही मुलाला गोणपाट आणायला लावलं ते शाळेची जमीन त्याच्यामुळे 'खराब' होऊ नये म्हणूनच. वस्तू जवळजवळ एक, सांगायचं कारणही वरवर एकच. तरी एकात संघ आहे आणि दुसऱ्यात अस्पृश्यता. निसीदन शाक्य कुळातल्या आनंदालाही बाळगावं लागतं आणि न्हावी कुळातल्या उपालीलाही. घाम आणि धूळ सगळ्यांच्याच अंगाला असते हे गृहीत धरून केलेला तो नियम आहे. गोणपाट एकालाच.

कापडाच्या बाबतीतही हीच गोष्ट दिसते. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी प्रेतावरची वस्त्रं वापरावीत, फुटक्या भांड्यात जेवावं, असं सांगितलं आहे. पांसुकूलिक भिक्षूही स्मशानात टाकलेल्या चिंध्या गोळा करून चीवर शिवायचे. दोन्हीकडे स्मशानातलंच कापड. एकाने ते हाताने उचललं, दुसऱ्याच्या अंगावर ते टाकलं गेलं. आणि बाकाचंच बोलायचं तर मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात, हलक्या जातीचा माणूस उच्च जातीच्या माणसाबरोबर एका आसनावर बसू पाहील तर त्याच्या कमरेवर डाग देऊन त्याला हाकलून द्यावं किंवा त्याचा नितंब कापावा, अशी शिक्षा आहे. आसन मऊ होतं की कठीण, हे तिथेही कुणी विचारलेलं नाही. २५ डिसेंबर १९२७ ला महाडमध्ये ते पुस्तक जाळलं गेलं, पण २०१९ मध्ये उत्तराखंडच्या टिहरी भागात लग्नात खुर्चीवर बसून जेवला म्हणून एका दलित तरुणाला मारहाण झाल्याची आणि त्यात त्याचा जीव गेल्याची बातमी आपण सगळ्यांनी वाचली. ती खुर्ची प्लॅस्टिकची होती की लोखंडी, कुणाला आठवतं?

आपण ज्या देशात राहतो तिथली साक्षही हीच आहे. १ डिसेंबर १९५५ ला अलाबामातल्या माँटगोमेरीत रोझा पार्क्स बसमध्ये गोऱ्या प्रवाशासाठी जागेवरून उठल्या नाहीत. त्या एका डिपार्टमेंट स्टोअरमध्ये शिवणकाम करत. बसमधल्या पुढच्या आणि मागच्या सीट एकाच कारखान्यात बनलेल्या, गादी तेवढीच जाड. तरी त्या एका सीटपायी ३८१ दिवस बसवर बहिष्कार चालला. तो चालू असतानाच १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात आपल्या लोकांनी दीक्षा घेतली.

म्हणून काकांच्या शंकेला माझं उत्तर असं, की तृष्णा उशीच्या जाडीवर मोजता येत नाही. पण मुलाच्या उत्तरानेही माझं समाधान होत नाही. आम्हाला मिळालं नव्हतं, आता आम्ही मखमलीवर बसू, एवढ्यावर थांबलं तर आपण फक्त आसन बदललं. एका रांगेत कोणाला बसवायचं हा प्रश्न तसाच राहिला. आणि तो आपल्याही घरात आहे. आपल्या जयंतीच्या कार्यक्रमांत पहिल्या रांगेत प्रमुख पाहुण्यांसाठी सोफा असतो, त्यामागे घडीच्या खुर्च्या, आणि स्वयंपाकघराच्या दारात बायका कार्यक्रमभर उभ्या. मोठ्या कंपनीत मोठ्या पदावर असलेल्या बंधूला आपण नकळत पुढे बोलावतो. विद्यार्थी व्हिसावर आलेला मुलगा मागे उभा राहून खुर्च्या लावतो. याला जात म्हणता येणार नाही, पण ती सवय कुठून आली ते आपल्याला ठाऊक आहे.

तित्तिर जातकाची गोष्ट याच संदर्भात वाचावी. मुळात ती चुल्लवग्गात येते ती एका भांडणानंतर: चांगली जागा, चांगलं पाणी, चांगलं अन्न आधी कुणाला मिळावं? तथागतांनी भिक्षूंना विचारलं तेव्हा काही म्हणाले, क्षत्रिय कुळातून आलेल्याला. काही म्हणाले, ब्राह्मण कुळातून आलेल्याला. मग तथागतांनी तित्तिर पक्षी, माकड आणि हत्ती यांची गोष्ट सांगितली. तिघांनी आपल्यातला वयाने मोठा कोण ते शोधून काढलं, आणि तो निघाला सगळ्यात लहान शरीराचा पक्षी. संघात मान दीक्षेच्या ज्येष्ठतेने द्यायचा, असं तिथे ठरलं. शाक्य राजपुत्रांनी उपालीला आपल्याआधी दीक्षा द्यायला लावली तीही याच नियमामुळे. त्याला वंदन करावं लागलं की आपला शाक्यपणाचा ताठा उतरेल, असं त्यांना वाटलं.

आणि याच भागात बाकाचं मापही सापडतं! कमी-जास्त ज्येष्ठतेचे भिक्षू एरवी एका आसनावर बसत नसत, पण 'लांब आसना'वर त्यांनी एकत्र बसायला हरकत नव्हती. लांब आसन म्हणजे केवढं? कमीत कमी तिघं मावतील एवढं. आमच्या साडेचार फुटी बाकावर १८ इंची तीन उश्या बरोबर बसतात, तेव्हा हे वाचून मला फार आनंद झाला. (त्याच नियमात भिक्षूने बाईबरोबर त्या आसनावर बसू नये असंही आहे. तो भाग संघासाठी आहे; आमच्या बागेत तो लागू नाही, हे मी जाहीर करून टाकलं आहे.)

या बाकावर शेजारी कोण बसतं, हा फ्रीमाँटमध्ये काही हवेतला प्रश्न नाही. ओळखीचं मराठी कुटुंब येतं, चहा होतो, मग गाव विचारलं जातं, मग आडनाव, आणि मग शेजारचा माणूस किंचितसा सरकून बसतो. तसूभरच. कुणी काही बोलत नाही. जातिभेदावर नाव घेऊन बंदी घालणारं एसबी ४०३ विधेयक आपल्याच भागातल्या सिनेटर आयेशा वहाब यांनी मांडलं, आणि २०२३ च्या ऑक्टोबरात गव्हर्नर न्यूसम यांनी त्यावर सही करायला नकार दिला. ते झालं असतं तरी त्या तसूभर अंतरावर कायदा चालला नसता. तिथे पाहुण्याला मुद्दाम मधली उशी देणं, एवढंच यजमानाच्या हातात असतं. मी ते करते.

रंगांचं काय, हा काकांचा दुसरा प्रश्न. साधी पांढरी खोळ नसती का चालली? भिक्षूंच्या बाबतीत ते बरोबरच आहेत. नवं बैठकीचं अंथरूण करताना त्यात जुन्याचा वीतभर तुकडा घालावाच लागे, तोही नव्याचा डौल उतरावा म्हणून. पण ज्याच्याकडे डौल होता त्याने तो उतरवायचा. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितलं ते वेगळं होतं: जात ओळखू येईल असं लुगडं नेसणं आणि तसले जड दागिने सोडा, इतर स्त्रियांसारखं नीटनेटकं नेसा, स्वच्छ राहा. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथातही त्यांनी स्पष्ट केलं आहे की बुद्धांनी दारिद्र्याचा गौरव केला नाही; संपत्ती मिळवण्याला नियमाची चौकट असावी एवढाच आग्रह धरला. गृहस्थाच्या बागेत हिरव्या काठाची केशरी उशी असण्यात मला धम्माविरुद्ध काही दिसत नाही. ती उशी कुणी बसू नये, फक्त फोटो काढावा म्हणून मांडली, तर मात्र मी काकांच्या बाजूने. तसंही इथल्या उन्हात सुती साडीचा रंग फार काळ टिकत नाही, तेव्हा नटण्यालाही मुदत आहे.

एका प्रश्नाचं उत्तर मात्र मला अजून मिळालेलं नाही. आई या बाकावर बसत नाही. ती मागच्या दाराच्या पायरीवर बसते. माझा मुलगा तिला रोज म्हणतो, "आज्जी, वर बस ना," आणि ती म्हणते, "मला हितंच बरं वाटतंय." गुडघ्यांना खाली बसणं सोयीचं जातं हे खरं. पण तिच्या तरुणपणी तिने दुसऱ्यांच्या अंगणात कामं केली, तिथे ओटा होता आणि तो तिच्यासाठी नव्हता, हेही खरं. पायरी तिने निवडली आहे, की चाळीस वर्षांपूर्वी कुणीतरी तिच्यासाठी निवडलेली अजून चालू आहे? निसीदन आणि गोणपाट यांतला फरक मी वर मोठ्या खात्रीने मांडला. आईच्या पायरीपाशी आलं की ती खात्री डळमळते. तिला हाताला धरून बाकावर बसवणं हीसुद्धा एक जबरदस्तीच, कारण तेव्हाही तिने कुठे बसायचं ते दुसराच ठरवतो. मुलगा म्हणतो, न बसवणं म्हणजे अन्याय मान्य करणं. तो इथे वाढला, त्याला ते असं दिसणं स्वाभाविक आहे.

तिने स्वतः केलं ते असं. उश्या तयार झाल्यावर विचारलं, "कुनाच्या ह्या?" मी म्हटलं, कुणाच्याच नाहीत, जो बसेल त्याच्या. तिने मधली उशी उचलली, पायरीवर टाकली आणि तिच्यावर बसून उरलेल्या खोळींना हाताने टाके घालू लागली. मुलगा थोडा वेळ उभा राहिला, मग तिच्या खालच्या पायरीवर बसला आणि तिच्या सुईत दोरा ओवून देऊ लागला. मी दोघांनाही काही म्हटलं नाही. त्या दिवसापासून बाकावर दोनच उश्या असतात आणि मधली रिकामी जागा पाहून येणारे विचारतात.

सुईचं निघालं म्हणून सांगते. भिक्षूच्या अष्टपरिष्कारांत, म्हणजे जवळ बाळगायच्या आठ वस्तूंत, तीन चीवरं, पात्र, वस्तरा, कमरपट्टा आणि पाणी गाळायचं फडकं यांच्याबरोबर सुईही आहे. आपलं चीवर पुरुषच शिवत, कठिनाच्या वेळी तर सगळे मिळून. तेव्हा 'शिवण म्हणजे बायकांचं काम' हे निदान आपल्यात कुणी म्हणू नये. जे बंधू दर रविवारी बाकावर बसून चहा घेतात त्यांच्यापैकी तिघांनी टीप मारायला शिकायचं कबूल केलं आहे. नावं सांगत नाही, ते माघार घेतील.

पावसाळा सुरू होण्याआधी आणखी दहा-बारा खोळी करायचा विचार आहे, म्हणजे पुढच्या कार्यक्रमात घडीच्या खुर्च्यांवरही घालता येतील. सगळ्या एकाच मापाच्या, पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत. कुणी आपल्या नावाची किंवा पाहुण्यांसाठी वेगळी करू नये ही विनंती. घरात विरलेली सुती साडी असेल तर धुऊन आणा. नायलॉन किंवा जरीची नको, ती टोचते आणि सुई मोडते. भरायला जुने सुती कपडे चालतील, बटणं आणि चेन काढून. संध्याकाळी सगळ्यात शेवटी जो जाईल त्याने उश्या आत नेऊन ठेवायच्या, तो कितीही ज्येष्ठ असला तरी. मशीन, सुया आणि दोरा आमच्याकडे आहे. कात्री मात्र आपापली आणा. आमच्याकडे एकच चांगली आहे, आणि ती आईच्या ताब्यात असते.